मणी नंतर बघ, आधी दोरा

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

डबा उघडल्याबरोबर तू मण्यांच्या पुड्या सोडून बसशील हे मला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र सगळ्यांत वर ठेवलंय. ब्रेसलेट कसं ओवायचं ते फोनवर सांगितलं खरं, पण ‘डावीकडच्या दोरीखालून, मण्यातून, मग उजवीकडच्या दोरीखालून’ हे नुसतं ऐकून डोक्यात शिरत नाही. कागद समोर ठेव, सुई हातात घे आणि एकेक ओळ वाचत कर. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तुमच्या ग्रुपांच्या ढिगाऱ्यात गडप झालं असतं.

तू फोटोत दाखवलेलं ते दोन वेढ्यांचं ब्रेसलेट दिसायला भारी असलं तरी त्याची बांधणी सोपी आहे. चामड्याच्या दोन दोऱ्या शेजारी शेजारी, त्यांच्या मधे आडवा एकेक मणी, एका टोकाला फास, दुसऱ्या टोकाला बटण. मूळची व्हिएतनामची आणि अमेरिकेत लॉस एंजेलिसला काम करणारी चान लू नावाची डिझायनर आहे, तिच्यामुळे ही तऱ्हा जगभर गाजली. टाका मात्र मणीकामातला जुनाच. शिडीचा टाका म्हणतात त्याला.

इथून पुढे मी दोरी म्हणेन ती चामड्याची आणि दोरा म्हणेन तो ओवायचा. घोळ नको.

आता डब्यातली सगळ्यांत महत्त्वाची वस्तू म्हणजे ते बदामी रंगाचं रीळ. हे काम शिकायला निघालेला जो तो पुण्याच्या बोहरी आळीत जाऊन मण्यांवर पैसे उडवतो आणि दोरा घरच्या शिवणाच्या डब्यातला घेतो. माझं मत अगदी उलट आहे. मणी साधे असले तरी चालतात, दोऱ्यात कंजुषी करायची नाही. का, ते समजून घे, म्हणजे दुकानदार काहीही गळ्यात मारू लागला तरी फसणार नाहीस.

तुमच्या चेन्नईहून तिरुपतीकडे गेलं की पापानायडूपेटा नावाचं गाव आहे. तिथे काचेचे मणी जुन्या पद्धतीने बनत आलेत. वितळलेल्या काचेच्या गोळ्यात पोकळी ठेवून तो भट्टीतून ओढत ओढत त्याची लांबच लांब बारीक नळी करायची, नळीचे तुकडे पाडायचे आणि ते राखेत मिसळून पुन्हा तापवायचे. राखेमुळे तुकडे एकमेकांना चिकटत नाहीत आणि उष्णतेने त्यांच्या धारदार कडा गोल होतात. अशाच ओढीव काचेचे मणी दोन हजार वर्षांपूर्वी पुदुच्चेरीजवळ अरिकमेडूला बनायचे आणि जहाजांतून आग्नेय आशियात जायचे. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरने 1945 मध्ये तिथे खोदकाम केलं होतं. तुम्ही पोरं पुदुच्चेरीला जाऊन नुसते समुद्राचे फोटो काढून आलात, म्हणून सांगते.

तर मुद्दा असा, की बारीक मणी म्हणजे कापलेली काचेची नळी. तिची कड नीट गोल झाली नसेल तर तो मणी आतल्या आत दोरा कापत राहतो. गळ्यातली माळ तशी निवांत असते, पण मनगट दिवसभर हलतं, टेबलावर घासतं, बॅगेच्या पट्ट्यात अडकतं. सुती दोरा त्यात महिनाभरात पिंजतो आणि एक दिवस लेक्चर चालू असताना सगळे मणी बाकाखाली. मग तंगूस, म्हणजे नायलॉनची एकसंध तार, घ्यावा असं वाटेल, कारण तो तुटत नाही. पण तंगूस ताठ असतो. रिळावर जसा गुंडाळलेला असतो तसाच वळू पाहतो, आणि त्याची गाठ धरत नाही, हळूहळू सुटते. म्हणून पिळाचा नायलॉन पाठवलाय. ओवण्याआधी त्याला मेणाच्या वडीवरून ओढून घे, म्हणजे गुंता होत नाही. वडी डब्यातच आहे, साबण समजून बाथरूममध्ये नेऊ नकोस.

मण्यांचे आकडे उलटे चालतात हेही लक्षात ठेव. 11 नंबरचा मणी साधारण 2 मिलिमीटरचा, 8 चा तीनेक आणि 6 चा चारच्या आसपास. आकडा मोठा तितका मणी लहान. सुयांचंही तेच, 12 नंबरची 10 पेक्षा बारीक. तुला 6 नंबरचे मणी आणि 10 च्या सुया दिल्यात. दोन जास्तीच्या आहेत, कारण या सुया वाकतात, पण थोड्या वाकलेल्या सुईनेच काम चांगलं होतं असं माझं तरी मत झालंय.

निळ्या पुडीतले जपानी मणी सगळे एका मापाचे असतात, त्यांना हात लावायची गरज नाही. हिरवे आपल्याकडचे आहेत. ते मात्र तांदूळ निवडतात तसे निवडून घे. चपटे, तिरक्या भोकाचे, कडेला टवका गेलेले बाजूला काढ. टवक्याचा एक मणी राहिला तर वरचं सगळं दोऱ्याचं पुराण फुकट.

आता कामाला लाग. ताटात जुना टॉवेल पसरून त्यावर मणी ओत, म्हणजे घरंगळत नाहीत. तुझं मनगट 17 सेंटिमीटर आहे असं तू म्हणालास. दोन वेढ्यांसाठी मण्यांची पट्टी साधारण 33 सेंटिमीटर लागेल, म्हणजे 80 च्या आसपास मणी. दोरी एक मीटर कापून ठेवलीय. ती मधोमध दुमडून टोकाशी फास राहील अशी गाठ मार. बटण फासातून थोडं जोर लावूनच गेलं पाहिजे. सहज गेलं तर गाठ सोडून फास लहान कर, कारण चामडं वापराने सैल होतं, घट्ट होत नाही.

दोरा अडीच मीटर घे. तो डावीकडच्या दोरीला गाठीच्या अगदी खाली बांध, शेपूट चार बोटं राहू दे. आता दोरा डाव्या दोरीच्या खालून आण, सुईवर एक मणी घे, मणी दोन दोऱ्यांच्या मधे बसव आणि सुई उजव्या दोरीच्या खालून बाहेर काढ. मग उजव्या दोरीला वरून वळसा घालून त्याच मण्यातून उलट ये आणि डाव्या दोरीच्या वरून बाहेर पड. झाला एक मणी. प्रत्येक दोरी दोऱ्याच्या दोन पदरांमधे धरली गेली पाहिजे, एक पदर खालून, एक वरून. परतताना सुई पहिल्या पदरातून आरपार घुसू देऊ नकोस, नाहीतर दोरा चिरतो आणि तो मणी पुन्हा घट्ट बसवता येत नाही.

पहिले तीन-चार मणी वेडेवाकडे बसतील, तिरके होतील, दोऱ्या फाकतील. उसवू नकोस. पाचव्या-सहाव्यापासून पट्टी आपोआप सरळ होते.

खरी मेख ताणात आहे. दोरा दर मण्याला सारखाच ओढला गेला पाहिजे. कुठे घट्ट, कुठे सैल झालं की पट्टी पिळवटते, आणि ती नंतर इस्त्री करून सरळ होणारी वस्तू नाही. दोरा वर उचलून ओढायचा नाही, आडवा ओढायचा. लक्ष्मी रोडला सराफाच्या दुकानाशी बसून मंगळसूत्रं गाठवून देणारे काका आठवतात? तू माझ्याबरोबर यायचास आणि दागिन्यांऐवजी त्यांच्या पायाकडे टक लावून बघायचास. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, दोन्ही हात मोकळे, ताण कमी-जास्त करायचा तर नुसता अंगठा हलवायचा. हातापेक्षा पाय जास्त वेळ एका जागी राहतो, इतका साधा हिशेब आहे. यूट्यूबवरच्या बाया क्लिपबोर्डला फास अडकवतात. तेही चालेल, पण पलंगावर मांडी घालून फास अंगठ्यात अडकवून बघ आधी. आणि ‘हे काय पोरींचं काम’ म्हणून तुझा तो रूममेट हसला ना, त्याला सांग की आपल्याकडे दागिने गाठवून देणाऱ्या पटवेकऱ्यांचा हा पिढीजात धंदा आहे आणि तो बहुतेक पुरुषच करत आलेत.

दोरा वीतभर उरला की नवीन जोडायचा. संपेपर्यंत ताणू नकोस. नवीन दोरा मागच्या दोन-तीन मण्यांतून ओवून आण, दोरीवर गाठ मार आणि पुढे चालू लाग. म्हणजे त्या मण्यांतून दोऱ्याचे तीन-चार पदर जाणार, म्हणून बारीक भोकाचे मणी या कामाला नकोत. शेवटचा मणी झाला की दोरा दोन्ही दोऱ्यांभोवती दोन वेढे देऊन मागच्या मण्यांत परत घाल, गाठ मार, काप आणि टोकाला लायटरची धग दाखव. नायलॉन वितळून बारीक गोळी होते आणि गाठ सुटत नाही. धग चामड्याला लागू देऊ नकोस. लायटर कुठून आणलास हे मी विचारणार नाही.

मग दोन्ही दोऱ्यांची मिळून एक गाठ, त्यावर बटण ओवून लगेच दुसरी गाठ. बटण पितळी आहे, बाबांच्या जुन्या कोटाचं. कोट आता कुणाला होत नाही.

तांबड्या पुडीला मात्र इतक्यात हात लावू नकोस. ते गुजरातेतल्या खंबायतचे अकीक आहेत. भरूचकडच्या रतनपूरच्या खाणींतला दगड उन्हात वाळवून भट्टीत तापवतात, त्यातल्या लोहाने त्याला हा रंग चढतो. दगडाच्या मण्याला दोन्ही बाजूंनी भोक पाडत आणतात, त्यामुळे कधी कधी मधे दोन भोकं नीट जुळत नाहीत आणि सुई अडते. जोर केलास तर सुई तरी मोडेल नाहीतर मणी तरी तडकेल. दोऱ्यासकट सुई दोनदा आरामात जाते का, हे प्रत्येक मण्याला आधी बघून घ्यावं लागतं. एक ब्रेसलेट हातावेगळं झालं की मग हे. बाजारात रंगवलेला दगडही अकीक म्हणून विकतात. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये भिजवलेला बोळा फिरव, रंग उतरला तर समज. उतरला नाही म्हणून अस्सल असं नाही, पण निदान कपडे खराब होणार नाहीत.

काळे मणी तू मागितले नव्हतेस, मीच टाकलेत. तुझ्या हातातलं पहिलं मणीकाम तेच होतं. आजीने काळे आणि पांढरे मणी ओवून तुझ्या मनगट्या केल्या होत्या, सव्वा महिन्याचा असताना घातल्या आणि तू त्या तोंडात घालून घालून दोरा पार लिबलिबीत केलास. काळ्यात सोनेरी मणी मिसळलेस तर मात्र मैत्रिणी चिडवतील, हल्ली हातातली मंगळसूत्रं निघाली आहेत. करायचंच असेल तर चंदेरी घाल.

फेस्टला स्टॉल लावून दीडशेला एक विकायचा तुमचा बेत ऐकला. चामडं, दोरा, मणी, बटण मिळून शंभराच्या वर जातात. नवशिक्याला दोन वेढ्यांच्या ब्रेसलेटला चार तास तरी बसावं लागतं. चार तास डोळे फोडून चाळीस-पन्नास रुपये, त्यापेक्षा कँटीनमध्ये कपबशा विसळलेल्या बऱ्या. मला विचारशील तर दोस्तांना फुकट दे, नाहीतर तासाची मजुरी धरून जो आकडा येतो तो सरळ सांग. लोक ‘बाहेर स्वस्त मिळतं’ म्हणतील. मिळतं, खरंय. त्यांना बाहेर जाऊ दे. आणि पाटीवर त्या चान लूचं नाव टाकू नकोस, काम तुझं आहे.

चेन्नईच्या दमट हवेत चामड्याला जपावं लागेल. अंघोळीला, समुद्रावर, क्रिकेटला जाताना काढून ठेवायचं. ओलं झालं की ताणतं, वाळलं की कडक होतं, आणि कपाटात बंद ठेवलं तर बुरशी धरतं. हे पथ्य जमणार नसेल तर डब्याच्या तळाशी मेणाची सुती दोरीही आहे. ती इतकी रुबाबदार दिसत नाही, पण घामाला टिकते. तुझ्या स्वभावाकडे बघता मी तीच वापरली असती.

रात्री ट्यूबलाइटच्या उजेडात काळे मणी ओवू नकोस. उठताना सुया मोजून मेणाच्या वडीत टोचून ठेव, गादीवर पडलेली सुई रूममेटला बसल्यावरच सापडेल.

बाबांचं मनगट 18 सेंटिमीटर आहे. त्यांनी सांगितलेलं नाही, दुपारी झोपले असताना मी मोजलं. घड्याळाशिवाय हातात काही चालत नाही म्हणतात. राखाडी मणी जास्तीचे टाकलेत, तू करून पाठव, घालतात की नाही ते मी बघते.

तुझी,
आई