आधी दूध कोण पाजतं ते विचार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘आईलाच एचआयव्ही, म्हणजे बाळाला होणारच. मग आपण करायचं काय?’ अशा आयांसोबत काम करायची ही नोकरी लागली तेव्हा मीही हेच धरून चाललो होतो. होणारच, हे खरं नाही. उपचार मुळीच झाले नाहीत, तरी शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होते. आईनं एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला आवर घालणाऱ्या गोळ्या न चुकता घेतल्या, तर हा आकडा ५ च्या खाली येतो. क्यूबानं तर २०१५ मध्ये आईकडून बाळाला होणारी लागण जवळजवळ संपवली, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं त्यावर शिक्कामोर्तबही केलं.

म्हणजे औषध आहे. अडतं ते बाळंतपणानंतर. पोटात बाळ असताना दवाखान्यात जायला कोणी अडवत नाही. मग मात्र दर खेपेला घरी कारण द्यावं लागतं. माझ्याकडची एक बाई गोळ्या बाळाच्या दुपट्यात लपवून ठेवायची. सासूनं दुपटं धुवायला काढलं, की तिचा जीव वरखाली. अशा वेळी ‘गोळ्या का चुकल्या?’ असं खेकसू नकोस. मी खेकसलो होतो. ती तीन महिने फिरकली नाही.

दुधाचं तू विचारलंच नाहीस, पण खरी गोम तिथेच आहे. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या १९९९ मधल्या अभ्यासात अंगावरचं नि वरचं असं दोन्ही दिलेल्या बाळांना जास्त लागण झालेली दिसली. तेव्हा आयांना या गोळ्या मिळत नव्हत्या. आज आई गोळ्या घेत असेल, तर घरच्यांनी मधेच काही पाजलं म्हणून स्तनपान तोडायला सांगू नकोस. स्वच्छ पाण्याची खात्री नसलेल्या घरात बाटलीच्या दुधानं होणारी हगवण बाळाला आधी गाठते. म्हणून आईला एकदा समजावून भागत नाही. बाळाला पाजायचं काय हे घरात कोण ठरवतं ते विचार, आणि त्या माणसाशी बोल. आजाराचं नाव न काढताही हे बोलता येतं.

तपासणीचं थोडक्यात. आईची प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला तिच्या शरीरानं बनवलेली प्रथिनं, बाळाच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात, त्यामुळे फक्त प्रतिपिंडं शोधणाऱ्या साध्या चाचणीवर विसंबू नकोस. थेट विषाणू शोधणाऱ्या चाचणीसाठी सहाव्या आठवड्याला टाचेतून रक्ताचे थेंब गाळणकागदावर घ्यायचे. वाळलेला कागद बर्फाशिवाय प्रयोगशाळेत जातो. येताना रिपोर्ट रखडतो, आणि तिथे मी भांडतो. लागण झालेल्या बाळांवर उपचार झाले नाहीत, तर निम्मी दोन वर्षांची होण्याआधीच जातात. दक्षिण आफ्रिकेतल्या एका चाचणीत, लक्षणांची वाट न पाहता औषध सुरू केल्यावर मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी झाले. कपाटात पडून राहिलेल्या रिपोर्टची किंमत यावरून काढ.

बाई बाळंत होऊन घरी निघाली, की सहाव्या आठवड्याची तारीख लसीकरणाच्या कार्डावरच लिहून दे. लसीला जाते म्हटलं, की कोणी काही विचारत नाही.

पुढच्या पत्रात तुझ्या नोंदवहीतल्या बाळांचं लिही. नावं नकोत.

तुझाच,
जुना सोबती