‘सवय होईल’ म्हणून गर्दीत ढकलू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव तोंडावर आला आहे. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या (मिरवणुकीतले रोषणाईचे देखावे) बघायला अख्खं इंदूर रात्रभर रस्त्यावर असतं आणि ऑटिझम असलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनाही ‘सवय होईल’ म्हणून त्या गर्दीत उभं केलं जातं. पालकांना आमचं कळकळीचं सांगणं आहे की यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

ढोल-ताशांचा, डीजेचा आवाज यातल्या बऱ्याच मुलांना अक्षरशः सोसत नाही. ताटकळत ठेवून ते सोसणं अंगी येत नाही. कान झाकणारे इअरमफ द्या, झांकी लांबून दाखवा, परत निघायची वेळ आधीच ठरवा. ‘लोक मला हसतील’, ‘बोलताना चुकेन’ ही मात्र चिंता, आणि तिच्यावर उपचार आहेत. ऑटिझम असलेल्या मुलांपैकी सुमारे ४० टक्के मुलांना चिंतेचा एखादा विकार असतो.

असा मुलगा ‘मला भीती वाटते’ असं सहसा म्हणत नाही. त्याचं पोट दुखतं, तो एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो, शाळेत जात नाही. घरचे त्याला हट्टी ठरवतात. म्हणून आधी कागदावर ० ते १० अशी भीतीची पट्टी काढा आणि आकड्यांपुढे अंगात काय होतं ते त्याच्याच शब्दांत लिहा.

मग पायऱ्या. समजा, नाक्यावरून पोहे आणायचे आहेत. पहिल्यांदा वडिलांजवळ नुसतं उभं राहायचं. मग पैसे त्याने द्यायचे. मग ‘भैया, दो प्लेट पोहा’ हे वाक्य त्याचं. पुढे शेव कमी असली तर मागून घ्यायची, आणि शेवटी एकट्याने जायचं. काय होईल असं वाटतं ते जाण्याआधी लिहायचं, काय झालं ते आल्यावर. भीतीचा आकडा ३-४ पर्यंत उतरल्याशिवाय पुढची पायरी नको. बिघडतं ते इथे: दुकानदाराने विचारलं की आईच उत्तर देते. किंवा आकडा ८ वर असताना मुलाला घाईघाईने घरी आणतात, आणि पळून आलं की बरं वाटतं एवढंच तो शिकतो. पायरी फार मोठी निघाली तर तिचे दोन तुकडे करा.

‘मिसळत जा रे’ म्हणून कुणी मिसळायला शिकत नाही. घोळक्याजवळ थांबून विषय ऐकायचा, बोलण्यात खंड पडला की त्याच विषयावर एक वाक्य टाकायचं, कुणी वळून पाहिलं नाही तर शांतपणे बाजूला व्हायचं. याचा सराव शाळेच्या मधल्या सुटीतच हवा. भीती तशीच ठेवून नुसतं बोलणं शिकवलं, तर घरी पाठ असलेलं वाक्य तिथे तोंडातून फुटत नाही.

पहिली पायरीही जमत नसेल तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. औषध कमी मात्रेपासून सुरू होतं. सुरुवातीच्या आठवड्यांत झोप उडाली, तगमग वाढली तर लगेच कळवा, परस्पर बंद करू नका.

मंडळांना एक विनंती: रोज सकाळी तासभर स्पीकर बंद ठेवून दर्शन द्या आणि ती वेळ मांडवाबाहेर फलकावर लिहा.

आपले,
ऑटिझम असलेल्या मुलांसोबत काम करणारे समुपदेशक व विशेष शिक्षक, इंदूर