झडप बदलली, पुढच्या तपासणीचे काय?

महोदय,

हृदयाची झडप बदलण्याची शस्त्रक्रिया महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट असल्याने ती शेतमजुराच्याही आवाक्यात आली, ही मोठीच गोष्ट आहे. मात्र यांत्रिक झडप बसवलेल्या रुग्णाची कसरत घरी परतल्यावर सुरू होते आणि तिकडे फारसे कोणाचे लक्ष नसते.

या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून वॉरफेरिन किंवा ॲसेनोकुमारॉल ही गोळी जन्मभर घ्यावी लागते. तिचे प्रमाण रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणाऱ्या ‘आयएनआर’ या रक्ततपासणीवरून ठरते. मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) बदललेल्या रुग्णांत हा आकडा सहसा २.५ ते ३.५ च्या दरम्यान ठेवतात. तो खाली गेला तर झडप अडकण्याचा किंवा पक्षाघाताचा धोका, फार वर गेला तर रक्तस्रावाचा. रोजच्या जेवणातली पालेभाजी एकाएकी वाढली किंवा प्रतिजैविकांचा कोर्स झाला, तरी तो हलतो.

चंदगड किंवा गगनबावड्याकडच्या रुग्णाला या एका तपासणीसाठी एसटीने कोल्हापूर गाठावे लागले, तर त्याची आणि सोबत्याची दिवसाची मजुरी बुडते. साहजिकच भातलावणीच्या दिवसांत तपासणी राहते आणि जुन्याच चिठ्ठीवर गोळी चालू राहते. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप निकामी झालेले हे रुग्ण पुष्कळदा तरुण असतात. प्राण्यांच्या ऊतींची झडप घेतल्यास ही गोळी सहसा जन्मभर लागत नाही. पण तरुण वयात ती लवकर झिजते आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. शिवाय वॉरफेरिन गर्भाला अपाय करू शकते, हे तरुण स्त्रियांना शस्त्रक्रियेआधीच स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने विकसित केलेली स्वदेशी झडप १९९० मध्ये प्रथम रुग्णाला बसवली गेली. झडप देशात बनू शकते, तर तिच्यासाठी लागणारी रक्ततपासणी तालुक्यात होणे अवघड नसावे. बोटातल्या थेंबभर रक्तावर आयएनआर दाखवणारी, हातात मावणारी यंत्रे उपलब्ध आहेत. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात महिन्यातला एक दिवस ठरवून ही तपासणी करावी आणि गोळीचे प्रमाण हृदयरोगतज्ज्ञांनी त्याच दिवशी दूरध्वनीवरून कळवावे. यंत्र एकदाच घ्यावे लागते, दर तपासणीला लागणाऱ्या पट्ट्यांचा खर्च मात्र कायमचा असतो. त्यामुळे जिल्हा नियोजन समितीने त्यासाठी दरवर्षी स्वतंत्र तरतूद करावी, अशी मागणी आहे.

– झडप बदललेल्या रुग्णाचा नातेवाईक, राजारामपुरी, कोल्हापूर