वाळूपुढे फरशीवर बसलेल्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

माझ्या रीफ टँकमधली, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या प्रवाळांच्या मत्स्यालयातली, पाच इंच वाळू 'मेली आहे, उपसून टाका' हा निकाल तुमच्याआधी अनेकांनी दिला होता. उभ्याउभ्या, वरून बघून. देखभालीचे पैसे घेणाऱ्या माणसाने तर सायफनची नळी थेट तळापर्यंत खुपसली. काळा थर ढवळला गेला, सडक्या अंड्यांचा वास सुटला, मासे वर येऊन धापा टाकू लागले. त्यावरही तो म्हणाला, दोष वाळूचाच! आणि जाताना औषधाच्या बाटल्या गळ्यात मारून गेला. आठवलं की अजून डोकं तापतं.

तुम्ही आलात ते आधी फरशीवर बसलात. दिवे घालवायला लावलेत, लाल टॉर्च काचेला टेकवलात आणि नुसते बघत राहिलात. कितीतरी वेळ. मग मलाही शेजारी बसवलंत. काचेलगत बारीक बोगदे होते, त्यांतून ब्रिसल वर्म, म्हणजे वाळूत राहणारे केसाळ किडे, सरकत होते. खालच्या थरात बुडबुडे अडकलेले. "काम चालू आहे हो यांचं," एवढंच म्हणालात. मला तिथेच रडू कोसळलं.

वरच्या थरात ऑक्सिजन असतो, खाली तो संपतो, आणि तिथले बॅक्टेरिया माशांच्या घाणीतून साचणाऱ्या नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरून नायट्रोजन वायू सोडतात, हे मी वाचलं होतं. पण चार ठिकाणी 'मेली' ऐकल्यावर वाचलेल्यावरचा विश्वास उडतो. तो तुम्ही परत दिलात. खोलात काळा थर दिसला म्हणून घाबरायचं नाही, त्याला हात लावायचा नाही. तळ ढवळायचा नाही, वरचा पातळ थर वर्म आणि गोगलगायींवर सोपवायचा, हेही तुम्हीच सांगितलंत. नंतर स्वतःच्या जुन्या टँकमधली मगभर जिवंत, म्हणजे बॅक्टेरिया आणि बारीक जीव असलेली, वाळू आणून, पंप बंद करून, हलक्या हाताने पसरलीत. पैशाचं नाव काढू दिलं नाहीत.

जाणकार पुष्कळ भेटतात. पण दुसऱ्याच्या टँकपुढे गुडघे मोडून बसणारा, न बघता मत न देणारा आणि घाबरलेल्या माणसाला आणखी न घाबरवणारा जाणकार मी पहिल्यांदाच पाहिला. असा सज्जनपणा कुणी शिकवून येत नाही.

आता खबर. नायट्रेट उतरलंय, झोअँथिड (फुलांसारखे उमलणारे, प्रवाळांसारखे जीव) पुन्हा पूर्ण उघडताहेत, आणि नासॅरिअस गोगलगायी खाणं पडताच वाळूतून सोंडा वर काढतात. परवा एकाने 'वाळू साफ ठेवतो' म्हणून वाळू चाळणारा तारामासा सुचवला. मी सरळ नाही म्हटलं. वाळूतले जीव खाऊन संपवायचे आणि मग स्वतः उपाशी मरायचं, हे त्याच्याही नशिबी नको आणि माझ्या वर्मच्याही. आणि तुमचा मग धुऊन ठेवलाय, तेवढा घ्यायला तरी या.

तुमची कायमची ऋणी