अंबडच्या वर्कशॉपमधल्या काकांना

नाशिक

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही बनवून दिलेल्या दगड फोडायच्या क्रशरचं बिल चुकतं केलं, आभार तेवढे राहिले होते. दगडच फोडायचा तर एवढी चिकित्सा कशाला, असं तुम्ही विचारलं होतंत. त्याचं उत्तर इथे सगळ्यांदेखत.

ग्रॅनाइटचं वय त्यातल्या झिरकॉनवरून काढतात. हे खनिज घडताना युरेनियम आत घेतं, शिसं जवळपास घेतच नाही. त्यामुळे आत सापडणारं शिसं युरेनियममधूनच हळूहळू तयार झालेलं, असं धरून हिशोब बसतो. कण असतो शे-दीडशे मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आधीच्या नमुन्यातला एखादा क्रशरच्या फटीत अडकून राहिला, की पुढच्या दगडाच्या माथी भलतंच वय. तुम्ही जबड्याच्या प्लेटा वेल्ड न करता अॅलन बोल्टवर बसवल्यात, म्हणून त्या काढून ब्रशने आणि हवेने साफ करता येतात. मग थोडी स्वच्छ गारगोटी फोडायची आणि ती चाळून टाकून द्यायची. नाशिकचा काळा दगड त्यासाठी नको. त्यात झिरकॉन नसल्यातच जमा, पण त्यातली ऑजाइट आणि मॅग्नेटाइट ही जड खनिजं, झिरकॉन वेगळा करायच्या जड द्रवात, त्याच्यासोबत तळाला जाऊन वैताग आणतात.

250 मायक्रॉनची चाळणीही तशीच. पितळी जाळीत कण रुततात, शिवाय डाखात शिसं असू शकतं. तुमच्या स्टीलच्या रिंगेत नायलॉनचं कापड ताणायचं, नमुना संपला की कापड फेकायचं.

गंगोत्रीच्या ग्रॅनाइटला ही काटेकोरी फारच लागते. तो साधारण सव्वादोन कोटी वर्षांपूर्वीचा. पण ज्यापासून तो घडला तो वितळलेला रस 700-750 अंश सेल्सिअसचाच, म्हणून मूळ खडकातले जुने झिरकॉन त्यात पूर्ण विरघळले नाहीत. त्यांच्यावर नवं पातळ कवच चढलं. आतला गाभा 50 कोटी वर्षांचा, कधी त्याहून बराच जुना. वय मोजायला कणावर मारलेल्या लेसरचा ठिपका गाभा आणि कवच दोन्हींवर पडला, तर येणारा आकडा कशाचंच वय नसतो. म्हणून आधी कॅथोडोल्युमिनेसन्सचा फोटो, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने कण उजळवून गाभा आणि कवच वेगळे दाखवणारा. गाभा मात्र टाकाऊ नाही. हा रस हिमालयातल्याच जुन्या गाळाच्या, पुढे रूपांतरित झालेल्या खडकांतून आला, हे तोच सांगतो. स्ट्रॉन्शियमचं सुरुवातीचं गुणोत्तरही (त्याच्या 87 आणि 86 या समस्थानिकांचं) 0.74 च्या वर, तेही जुन्या कवचाच्या खडकांकडेच बोट दाखवतं. लडाखच्या ग्रॅनाइटात ते 0.705 च्या आसपास, कारण तिथला मालमसाला मुख्यतः प्रावरणातला, म्हणजे कवचाखालच्या थरातला. पण जुना कण दगडाचा स्वतःचा की क्रशरमधला उष्टा, हीच शंका असेल तर यातलं काहीच बोलता येत नाही.

आणखी सहा रिंगा लागतील, त्याच मापाच्या. रंग लावू नका.

आपले,
नाशिकमधले भूशास्त्राचे शिक्षक आणि विद्यार्थी