‘सैतानपूजक’ हा शब्द मागे घ्यावा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील यझिदी या मुख्यतः इराकमधील अल्पसंख्य धर्मसमुदायावरील लेख काल वाचला. लेखकाने श्रम घेतले आहेत हे मान्य करूनही शीर्षकातील ‘सैतानपूजक’ या शब्दाला माझी तीव्र हरकत आहे. अवतरणचिन्हांत घातल्याने तो शब्द निर्दोष ठरत नाही.

मुलाकडे जर्मनीत त्सेले येथे मी दोन वर्षे राहिले. खालच्या मजल्यावर इराकमधील शिंगालहून आलेले यझिदी कुटुंब होते आणि त्यांच्या आजींशी माझी भाषेवाचून मैत्री जमली होती. एका दुपारी त्या चहाला आल्या असताना नातवाने दुधाचा पेला लवंडला आणि मी सवयीने ‘सैतान कुठला!’ असे ओरडले. माझ्या बोलण्यातला तेवढा एकच शब्द आजींना कळला. चहा तसाच ठेवून त्या उठल्या आणि निघून गेल्या. संध्याकाळी त्यांच्या नातीने जिन्यात थांबवून मला समजावले की, हा शब्द त्यांच्या घरात कोणीही उच्चारत नाही, कारण परक्यांनी शेकडो वर्षे तो त्यांच्या पूज्य देवदूतालाच चिकटवला आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तिनेच सांगितलेली कथा लेखात अर्धीच आली आहे. एकाच ईश्वराने सात देवदूत निर्माण केले आणि जगाचा कारभार त्यांच्याकडे सोपवला. त्यांचा प्रमुख तावूसी मेलेक, म्हणजे मयूर देवदूत. आदम या पहिल्या मानवापुढे वाकण्याची आज्ञा झाली तेव्हा तो वाकला नाही, कारण ईश्वराखेरीज कोणापुढेही न वाकण्याची पहिली आज्ञा त्याला स्मरत होती. यझिदींच्या दृष्टीने ती परीक्षा होती आणि तो तिला उतरला. शेजारच्या धर्मांनी आपल्याकडील इब्लिसची, म्हणजे आदमपुढे न वाकल्याने सैतान ठरलेल्याची, गोष्ट या कथेवर लादली आणि त्यातूनच तो आरोप जन्मला. या आरोपाच्या आधारे झालेल्या कत्तलींना यझिदी ‘फरमान’ म्हणतात. ३ ऑगस्ट २०१४ रोजी शिंगालवर इस्लामिक स्टेटचा जो हल्ला झाला, तो त्यांच्या गणतीत चौऱ्याहत्तरावा आहे. स्त्रियांना गुलाम म्हणून विकताना मारेकऱ्यांनी हाच शब्द समर्थनार्थ वापरला होता. तोच आपण ठळक अक्षरांत छापावा, याचे मला अतिशय दुःख झाले.

लेखात ज्या ‘काळ्या ग्रंथा’चे उतारे दिले आहेत, तो विसाव्या शतकाच्या आरंभी छापला गेला आणि आजचे अभ्यासक त्याला अस्सल धर्मग्रंथ मानत नाहीत. या लोकांचा धर्म पिढ्यान्पिढ्या मुखोद्गत राहिलेल्या ‘कौलां’मध्ये, म्हणजे स्तोत्रांमध्ये, आहे आणि ती गाणाऱ्या कव्वालांची घराणी बाशिका व बहझानी या गावांत आहेत. त्यांचा लेखात उल्लेखही नाही.

मोर दिसला म्हणून यझिदी हे ‘हरवलेले हिंदू’ आणि तावूसी मेलेक म्हणजे कार्तिकेय, हा लेखाचा शेवटही मला पटला नाही. आमच्या देव्हाऱ्यातले मोरपीस पाहून आजी हरखल्या तेव्हा माझ्याही मनात तेच आले होते. परंतु लेबनॉनच्या बेका खोऱ्यातून आलेले ‘शेख आदी’ नावाचे सूफी बाराव्या शतकात उत्तर इराकमधील लालिशच्या दरीत स्थायिक झाले, तेथेच त्यांची समाधी आहे आणि कुर्दी डोंगरांतल्या जुन्या श्रद्धा त्यांच्या पंथात मिसळत जाऊन हा धर्म आकाराला आला, असे अभ्यासक सांगतात. इतका स्वतःचा इतिहास असलेल्या माणसांना आपल्या वंशावळीत ओढणे हाही त्यांच्यावर अन्यायच आहे.

कृपया दुरुस्ती त्याच पानावर, तितक्याच मोठ्या अक्षरांत छापावी आणि ऑनलाइन आवृत्तीतील शीर्षक आजच बदलावे. तुमच्या भाषेत आमच्याविषयी काही छापून आले तर मला पाठवा, असे निरोप घेताना त्या नातीने मला सांगितले होते. हा लेख मी तिला पाठवलेला नाही.

आपली नम्र,
एक नियमित वाचक, पुणे