ई-पुस्तकालाही वजन असते

संपादक महोदय,

बडोद्यात शंभर रुपयांना मिळणारे मराठी ई-पुस्तक अमेरिकेतल्या लेकीला २.९९ डॉलरला, म्हणजे अडीचशेच्या वर पडते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. त्यात सरसकट लूट नाही. ॲमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तक सेवेवर लेखक-प्रकाशकाने ७० टक्के मानधनाचा (रॉयल्टीचा) पर्याय घेतला की अमेरिकेतली किंमत २.९९ ते ९.९९ डॉलरमध्येच ठेवावी लागते. शंभर रुपयांचे डॉलर केले तर ते त्याखाली राहतात. शिवाय करही देशागणिक निराळा. ब्रिटनमध्ये १ मे २०२० पासून शून्य, जर्मनीत ७ टक्के. आपल्याकडे छापील पुस्तकाला जीएसटी नाही, त्याच्याच ई-आवृत्तीला ५ टक्के आणि पुस्तक छापलेलेच नसेल तर १८ टक्के. नवोदित लेखकावर हा उघड अन्याय आहे.

पोहोच-खर्चाकडे, म्हणजे फाइल वाचकापर्यंत पाठवण्याच्या खर्चाकडे, मात्र आपले प्रकाशक लक्षच देत नाहीत. २००९ मध्ये किंडल अमेरिकेबाहेर आले तेव्हा पुस्तक मोबाइलच्या रोमिंगवरून उतरत असे आणि बाहेरच्या ग्राहकाला दोनेक डॉलर जादा पडत. आता हा खर्च वाचकाला दिसत नाही, तो ७० टक्क्यांच्या पर्यायात मानधनातून कापला जातो : दर मेगाबाइटला भारतात ७ रुपये, अमेरिकेत १५ सेंट, ब्रिटनमध्ये १० पेन्स.

कर वगळून शंभर रुपयांचे पुस्तक घ्या. फाइल १ एमबीची असेल तर ९३ रुपयांचे ७० टक्के, म्हणजे ६५ रुपये १० पैसे हाती येतात. तीच फाइल १० एमबीची झाली की उरतात फक्त २१. त्यापेक्षा किंडलचा दुसरा, ३५ टक्के मानधनाचा पर्याय बरा, कारण तिथे पोहोच-खर्च नाही आणि पूर्ण ३५ रुपये मिळतात. या किमतीला साधारण ७ एमबीच्या पुढे ७० टक्के तोट्याचेच. भारतात ७० टक्क्यांसाठी ई-आवृत्ती फक्त किंडललाच देण्याची अटही असते.

नुसत्या मजकुराची कादंबरी एवढी जड होतेच कशी? जुनी अक्षरजुळणी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असते. ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात, आणताना रफार सरकतो, पहिली वेलांटी भलत्या अक्षरावर बसते, ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. मुद्रितशोधन टाळायचे म्हणून पानांची चित्रेच चढवली जातात. मग फाइल फुगते, आणि वाचकाला अक्षर मोठे करता येत नाही ते वेगळेच. वयस्कर वाचक ई-पुस्तकाकडे वळतो तो मुळात मोठ्या अक्षरासाठी!

तेव्हा प्रकाशकांनी मजकूर युनिकोडमध्येच द्यावा, रूपांतरानंतर ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ आणि रफार शोधून ओळीने तपासावेत, छायाचित्रे आधी लहान करावीत. अनुवाद असेल तर करारातले हक्क जगभराचे आहेत की फक्त भारतीय उपखंडाचे, हेही पाहावे. उपखंडापुरते असतील तर परदेशी वाचकाला ते पुस्तक विकताच येत नाही. किंडलवर पुस्तक चढवताना किमतीच्या पानावर रूपांतरित फाइलचा आकार आणि पोहोच-खर्च दोन्ही दिसतात. ते वाचून मगच मानधनाचा पर्याय निवडावा.

– ई-पुस्तक निर्मितीतील एक कार्यकर्ता, दांडिया बाजार, बडोदा